नक्कल देण्यापूर्वी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या झेरॉक्सच्या दुकानात मी गेल्या महिन्यात, भाडेकराराच्या नूतनीकरणासाठी लागणाऱ्या सात कागदांच्या दोन-दोन प्रती काढावयास गेलो असता, दुकानदाराने काम संपल्यावर गल्ल्याखालच्या चळतीतून एक कागद ओढला, त्याच्या कोऱ्या पाठीवर चौदा प्रतींचे दोन रुपयांप्रमाणे अठ्ठावीस असा हिशेब मांडला आणि तो माझ्यापुढे सरकवून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. कागद मी सहज उलटला. मागे एका अनोळखी गृहस्थांचे आधारकार्ड होते. यंत्रात ते किंचित तिरके बसल्यामुळे पत्त्याची शेवटची ओळ कापली गेली होती, आणि तेवढ्याचसाठी ती प्रत बाद ठरली होती. परंतु नाव, जन्मतारीख, छायाचित्र आणि बारा आकडे ही सामग्री मात्र अगदी स्वच्छ उमटलेली होती. चळतीत तसे शंभर-दीडशे कागद सहज असतील. दुकानदार लबाड मुळीच नव्हता. तो काटकसरी होता. पाठकोरा कागद टाकून देणे त्याच्या जिवावर येत होते, आणि ज्यांच्या त्या प्रती होत्या त्यांना आपली बाद प्रत मागून घ्यावी हे सुचले नव्हते. खरे सांगायचे तर त्या दिवसापर्यंत मलाही ते कधी सुचले नव्हते.

ओळख चोरीला गेली असे कोणी म्हटले की आपल्या नजरेपुढे दूरदेशी बसून संगणकाची कुलपे फोडणारा कोणी मायावी भामटा उभा राहतो. तसले भामटे नाहीत असे नाही. पण माझ्या परिचयातल्या ज्या कुटुंबांवर असा प्रसंग गुदरला, त्यांची हकीकत मुळापर्यंत नेली असता बहुधा असेच आढळले, की कागद त्यांनी स्वहस्ते, बिनतक्रार, आणि तो कशासाठी हवा हे न विचारता देऊन टाकला होता. म्हणून या विषयावर लिहिताना ‘कोणाला काही देऊ नका’ असा जो सरधोपट उपदेश केला जातो, तो मला निरुपयोगी वाटतो. ओळखीचा दाखला हा मुळी देण्यासाठीच असतो; पेटीत कडीकुलपात ठेवलेल्या दाखल्याने ना बँकेत खाते उघडते, ना मुलाचा शाळेत प्रवेश होतो. विचार करायचा तो द्यावे की न द्यावे याचा नव्हे, तर कोणत्या मर्यादेने द्यावे याचा.

आपल्या जुन्या दप्तरांना ही मर्यादा चांगली ठाऊक होती. शिवकालीन पत्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना आठवेल, की माथ्यावर मुख्य मुद्रा असे, आणि मजकूर जेथे संपला तेथे ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरे असलेली दुसरी, लहान मुद्रा उठवीत. हेच मोर्तब. माथ्यावरचा शिक्का ‘हे पत्र आमचे’ असे सांगे, तर शेवटचे मोर्तब ‘येथपर्यंतच आमचे’ असे सांगे, जेणेकरून खाली राहिलेल्या कोऱ्या जागेत मागाहून कोणी चार ओळी घुसडून राजाच्या नावावर खपवू नयेत. शिक्कामोर्तब हा जोडशब्द आपण आजही वापरतो. मात्र वहिवाटीत त्यातला शिक्का तेवढा राहिला आणि मोर्तब गळून गेले. आपल्या सहीची प्रत आपण देतो ती उघडीच देतो, आणि खालची कोरी जागा परक्याच्या मर्जीवर सोडतो.

तेव्हा पहिली गोष्ट ही करावी. ओळखपत्राची कोणतीही नक्कल हातावेगळी करण्यापूर्वी तिच्यावर, कडेच्या मोकळ्या जागेत नव्हे तर छायाचित्राला व आकड्यांना स्पर्श करील अशा रीतीने, पेनाने तीन गोष्टी लिहाव्या: कोणाला दिली, कशासाठी दिली, आणि कोणत्या तारखेस दिली. ‘अमुक बँकेच्या अमुक शाखेत खाते उघडण्यापुरतीच, दिनांक अमुक’ एवढे वाक्य पुरे. खाली सही करावी, तीही अशी की तिचे एक टोक छपाईवर जाईल. एवढ्याने कागद अभेद्य होतो असा माझा दावा नाही. परंतु अशा प्रतीवर मोबाइलचे दुसरे सिम काढणाऱ्याला किंवा कर्जाचा अर्ज रेटणाऱ्याला तो मजकूर खोडण्याचा खटाटोप करावा लागतो, आणि पुढे वाद उद्भवलाच तर मूळ संमती केवढी होती हे कागद स्वतःच बोलतो. काही कार्यालयांतले कारकून अशी लिहिलेली प्रत पाहून नाक मुरडतात. त्यांना शांतपणे मूळ कार्ड दाखवावे, रुजुवात करून घ्यावयास सांगावे आणि प्रत तीच द्यावी.

आधारच्या बाबतीत सरकारनेच एक सोय करून ठेवली आहे, आणि ती फारच थोडे लोक वापरतात. या योजनेचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या गावी दिला गेला. त्यानंतरच्या काळात लॉज, जिम, कुरियर, कोठेही बारा आकडी कार्डाची संपूर्ण प्रत काढून देण्याची आपल्याला एवढी सवय जडली, की झाकलेले आधार नावाची वस्तू उपलब्ध आहे हे कानांवर येऊनही मनात उतरले नाही. आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या ‘माय आधार’ या संकेतस्थळावरून कार्ड उतरवून घेताना ‘मास्क्ड’ हा पर्याय निवडला, की पहिले आठ आकडे झाकले जाऊन शेवटचे चारच दिसतात; नाव, छायाचित्र आणि पडताळणीची चौकोनी खूण मात्र कायम राहते. जेथे क्रमांकाची आवश्यकता नाही, केवळ माणूस तोच आहे एवढीच खातरजमा करायची आहे, तेथे ही प्रत चालते. जेथे क्रमांक लागतोच, तेथे त्याऐवजी सोळा आकड्यांचा एक आभासी क्रमांक देण्याची तजवीज २०१८ पासून आहे. तो हवा तेव्हा बदलून घेता येतो, आणि नवा निघाला की जुना निकामी होतो. मे २०२२ मध्ये प्राधिकरणाच्या बंगळुरूच्या कार्यालयाने, आधारच्या सरसकट प्रती देऊ नका, झाकलेली प्रत द्या, आणि सार्वजनिक संगणकावर कार्ड उतरवू नका, असे पत्रक काढले. त्यावरून एवढा गलबला झाला की दोनच दिवसांत सरकारने, पत्रकाचा चुकीचा अर्थ लावला जाण्याचा संभव आहे असे सांगून, ते मागे घेतले. पत्रक मागे गेले. पण सल्ला रास्त होता, आणि तो पाळण्यास अद्याप कोणाची मनाई नाही.

शिवाय, दरवेळी आधारच कशाला? मुक्कामाच्या ठिकाणी नोंदवहीत लिहिण्यासाठी वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र पुष्कळ आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी दिलेल्या निकालानंतर, खाजगी आस्थापनांना आपल्या करारमदारांसाठी आधारची सक्ती करण्याचा आधार उरलेला नाही. बँक आणि मोबाइल कंपन्यांसाठी पुढच्या वर्षी कायद्यात वाट काढली गेली, ती स्वेच्छेने देणाऱ्यांपुरती. दुकानातल्या कोवळ्या पोराशी यावरून हुज्जत घालण्यात अर्थ नाही. ‘आधार नाही आणलेले, परवाना चालेल का?’ एवढे विचारले की दहापैकी नऊ ठिकाणी चालतो.

झेरॉक्सच्या दुकानात आणखी एक छुपी पेटी असते, ती म्हणजे तिथला संगणक. ‘व्हॉट्सॲपवर टाका, लगेच प्रिंट देतो’ असे दुकानदार म्हणतो आणि आपण टाकतो. त्या एकाच क्रमांकावर गावातल्या निम्म्या लोकांचे पॅनकार्ड, पासबुक आणि दहावीची गुणपत्रिका वर्षानुवर्षे पडून राहते. काम झाल्यावर पाठविलेली फाइल आपल्या मोबाइलवरून ‘सर्वांसाठी’ पुसावी, आणि संगणकावर ती उतरवली गेली असल्यास आपल्या डोळ्यांदेखत काढून टाकायला सांगावी, केराच्या टोपलीतूनसुद्धा. उतरवलेल्या ई-आधारला परवलीचा शब्द असतो खरा, पण तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्माचे साल यांनी बनतो, म्हणजे आपल्याला ओळखणाऱ्या कोणालाही तो ठाऊकच असतो. पॅनचेही तसेच: त्याच्या दहा खुणांतले चौथे अक्षर व्यक्तीसाठी ‘पी’ असते आणि पाचवे आपल्या आडनावाचे पहिले अक्षर. पॅनकार्डाची प्रत सैल सोडणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की कर्जाच्या चौकशा बव्हंशी याच क्रमांकाच्या माळेत ओवलेल्या असतात.

कागदाची नक्कल बाद ठरवता येते, आभासी क्रमांक बदलता येतो, पण अंगठा बदलता येत नाही. बोटाच्या ठशावरून माणूस ओळखण्याची विद्या राज्यकारभारात प्रथम रुजली ती आपल्याच देशात. बंगालमध्ये जंगीपूर येथे १८५८ साली विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला, तो करार कंत्राटदाराने मागाहून नाकारू नये म्हणून. पुढे १८९७ साली कलकत्त्यास ठशांचे कार्यालय निघाले, आणि त्या ठशांची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोघा एतद्देशीयांनी मोठाच वाटा उचलला. नाकारता न येणारा पुरावा म्हणून ज्याची प्रतिष्ठा झाली, तोच ठसा आज परक्याच्या हाती पडला तर आपल्यालाही नाकारता येत नाही, हा त्यातला पेच. तेलंगणात २०१८ साली उघडकीस आलेल्या एका प्रकरणात जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे अंगठे उतरवून त्यांचे रबरी ठसे केले गेले होते, आणि ते दस्त सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहण्यास खुले होते. गावोगावी बँकमित्राकडे अंगठा लावून पैसे काढण्याची जी सोय आहे, तिला बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि ठसा एवढेच लागते. ओटीपी येत नाही. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला ती सोय वरदान आहे, आणि जो ती कधीच वापरत नाही त्याच्या घराला ते न लावलेले मागील दार आहे.

हे दार लावून घेण्याचा उपाय मोफत आहे. माय आधारवर किंवा त्यांच्या मोबाइल ॲपवर ‘बायोमेट्रिक लॉक’ केले की बोटे व डोळे यांवरून होणारी पडताळणी बंद होते; गरज पडेल तेव्हा काही मिनिटांपुरते कुलूप काढता येते. मात्र यासाठी आपला चालू मोबाइल क्रमांक आधारला जोडलेला असावा लागतो, आणि पुष्कळांचा तो जोडलेला असतो हरवलेल्या जुन्या सिमशी. तेव्हा आधी आधार केंद्रात जाऊन ते दुरुस्त करावे. येथे एक इशारा दिला पाहिजे. ज्या घरी रेशन अंगठ्यावर मिळते, किंवा ज्या निवृत्तांना नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बोट टेकवावे लागते, तेथे कुलूप उघडावयाचे कसे हे घरातल्या दोघांना तरी शिकवल्याशिवाय ते लावू नये. नाहीतर दुकानदार ‘अंगठा घेत नाही’ म्हणून परत पाठवतो आणि म्हातारीची भरउन्हात दुसरी खेप होते. माय आधारवरच मागील सहा महिन्यांत आपल्या आधारची पडताळणी कोठे, कोणत्या प्रकारे झाली याची नोंद पाहता येते. पासबुक भरून आणावे तशी ही नोंद तीन-चार महिन्यांतून एकदा पाहण्याची मी सवय लावून घेतली आहे.

आता एका अशा कागदाकडे वळतो की ज्याला कोणी ओळखपत्र म्हणत नाही, आणि तरीही ज्याच्याइतकी सांगोपांग ओळख कोणतेही सरकारी कार्ड देत नाही: लग्नाच्या स्थळांसाठी तयार केलेले परिचयपत्रक. मुलीचे किंवा मुलाचे संपूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ मिनिटासह, जन्मस्थळ, रक्तगट, उंची, शिक्षण, कंपनीचे नाव, वार्षिक उत्पन्न, वडिलांचे पद, आईचे माहेर, मामांचे आडनाव आणि गाव, आत्यांची सासरे, स्थावर मालमत्तेचा तपशील, राहत्या घराचा पत्ता, दोन मोबाइल क्रमांक, आणि तीन छायाचित्रे. पूर्वी हे पत्रक वधूवर सूचक मंडळाच्या फायलीत असे. फारतर मंडळाच्या बाई ते चार घरांना दाखवीत. आज ते एकदा पीडीएफ होऊन समाजाच्या चार व्हॉट्सॲप गटांवर गेले, की त्याचा प्रवास थांबवण्याची सत्ता कोणाच्या हाती राहत नाही. माझ्या एका भाचीचे पत्रक, तिचे लग्न होऊन, मूल होऊन, ते मूल बालवाडीत गेल्यावरसुद्धा फिरते आहे, आणि अधूनमधून कोणी काका सद्‌भावनेने तिच्या वडिलांना फोन करून ‘मुलगी अजून आहे का?’ असे विचारतात. घरात त्याचे हसू होते. पण तिच्या वडिलांना एकदा ‘बँकेतून’ जो फोन आला, त्यात समोरच्याने मुलीची जन्मतारीख, तिची कंपनी आणि आईचे माहेरचे आडनाव बिनचूक सांगून त्यांचा विश्वास संपादन केला होता. हे सारे त्याला नेमके कोठून मिळाले हे सिद्ध करता येणार नाही. मात्र ते सारे ज्या एका कागदावर होते तो कोणता, हे आम्हा सर्वांना माहीत आहे.

आईचे माहेरचे आडनाव हे आपल्या समाजात गुपित नाही, कधीच नव्हते. ते लग्नपत्रिकेत छापले जाते, आजोळच्या श्राद्धाला उच्चारले जाते, आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेले असते. त्या वहीतले पान त्या त्या घराण्याचा माणूस समोर आल्यावरच उलगडले जाई. गावाला वाचण्यासाठी ती वही ओसरीवर टांगलेली नसे. ज्या देशांत हे आडनाव सहसा कोणाला ठाऊक नसते, तेथली ‘सुरक्षेचा प्रश्न’ ही पद्धत आपल्याकडे तशीच उचलली गेली, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर अवघ्या भावकीला पाठ, त्या प्रश्नाला आपण कुलूप समजू लागलो. तेव्हा अशा प्रश्नांची उत्तरे खरी देऊ नयेत. आईचे माहेर ‘तांबडी छत्री’ आणि पहिली शाळा ‘कोथिंबीर’ असे लिहिले तरी यंत्राला त्याचे सोयरसुतक नसते. फक्त काय लिहिले ते आपल्या वहीत टिपून ठेवावे. आणि परिचयपत्रकात जन्मवेळ, पत्ता, मालमत्ता व उत्पन्न पहिल्या फेरीत देऊ नये. नाव, शिक्षण, जन्मवर्ष, गाव आणि मध्यस्थाचा फोन पुरे. पत्रिका जुळवण्याइतके मन जुळल्यावर उरलेले त्या एका घराला द्यावे, आणि पत्रकाच्या तळाशी ते कोणत्या महिन्यापर्यंत ग्राह्य आहे ते लिहावे. मोर्तब म्हणतात ते हेच.

मोबाइल क्रमांक ही आज सर्व कुलपांची एकच किल्ली झाली आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे. एका व्यक्तीच्या नावावर देशात नऊपर्यंत जोडण्या असू शकतात; जम्मू-काश्मीर, आसाम व ईशान्येकडे सहा. आपल्या नावावर खरोखर किती आहेत हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर आपला क्रमांक व ओटीपी घालून पाहता येते, आणि अनोळखी क्रमांक दिसल्यास तो आपला नव्हे असे तेथेच कळवता येते. अशा जोडण्या निघतात कशा? रस्त्याकडेला छत्री मांडून सिम विकणारा आपला फोटो काढतो, बोट टेकवायला लावतो, मग ‘सर्व्हर डाउन आहे, परत एकदा’ म्हणतो. दुसऱ्या खेपेचे सिम कोणाचे, हे विचारायचे राहून जाते. सिम कंपनीच्या दुकानातूनच घ्यावे, आणि दुसऱ्यांदा बोट टेकवण्याआधी पहिली खेप खरोखर फसली का ते पडद्यावर पाहावे. चालता फोन अचानक नेटवर्क सोडून बसला आणि शेजाऱ्याचा मात्र चालू आहे, असे झाले तर संध्याकाळपर्यंत वाट पाहू नये. आपल्या नावाने दुसरे सिम निघाले असण्याचा संभव धरून, दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला व बँकेला तत्काळ विचारावे. आणि जुना क्रमांक सोडायचा झाल्यास आधी तो बँक, आधार, ई-मेल या सर्वांतून काढावा, कारण निदान नव्वद दिवस लोटल्यावर तोच क्रमांक कंपनी दुसऱ्या कोणाला देऊ शकते, आणि मग आपले ओटीपी एखाद्या निष्पाप माणसाच्या खिशात वाजू लागतात.

परवलीच्या शब्दांविषयी इतके लिहिले गेले आहे की मी दोनच गोष्टी सांगेन. पहिली ही, की ई-मेलचा परवलीचा शब्द इतर कोठेही वापरू नये, कारण बाकी सर्व खात्यांचे शब्द विसरल्यावर त्यांची नवी किल्ली ई-मेलवरच येते. तेथे दोन टप्प्यांची पडताळणी चालू करावी. दुसरी ही, की प्रत्येक ठिकाणी निराळा शब्द ठेवून तो घरातल्या वहीत लिहून कपाटात ठेवणे, हे एकच शब्द सगळीकडे वापरून तो डोक्यात ठेवण्यापेक्षा पुष्कळ बरे. चोर आपल्या कपाटापर्यंत क्वचित येतो. परंतु ज्या कंपन्यांना आपण माहिती दिली त्यांच्याकडून ती सांडते, आणि त्यात आपला दोष नसतो. एअर इंडियाने मे २०२१ मध्ये जाहीर केले, की प्रवाशांची माहिती सांभाळणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या यंत्रणेतून सुमारे ४५ लाख लोकांची नावे, जन्मतारखा, पासपोर्टचा तपशील इत्यादी बाहेर गेले, आणि त्यात ऑगस्ट २०११ ते फेब्रुवारी २०२१ या काळातल्या नोंदी होत्या. दहा वर्षांपूर्वी एकदा विमानात बसलेल्या माणसाने यावर काय करावे? जे सांडले ते भरून काढता येत नाही. म्हणून एका ठिकाणची किल्ली दुसऱ्या दाराला चालू नये, एवढाच बंदोबस्त आपल्या हाती आहे.

हल्ली व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून जी फाइल येते तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल, तर ती पत्रिका नव्हे, तो आपल्या फोनमध्ये बसून ओटीपी वाचणारा पाहुणा आहे. वाहतुकीचा दंड, वीज तोडण्याची धमकी, शेतकरी अनुदान, याही नावांनी तो येतो. आणि व्हिडिओ कॉलवर गणवेशात दिसून ‘तुम्हाला डिजिटल अटक केली आहे’ म्हणणाऱ्याला एकच उत्तर: फोन ठेवणे. अशी अटक भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही.

इतके करूनही घाला पडलाच, तर लाजेने गप्प बसण्यात जो वेळ जातो तोच सर्वांत महाग पडतो. पैसे गेले असतील तर प्रथम १९३० या क्रमांकावर कळवावे, कारण रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पळण्यापूर्वी ती गोठवणे शक्य असते. राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. बँकेला लेखी कळवताना तारीख व वेळ यांची पोच घ्यावी, आणि याला ठोस कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेचीही नसून ग्राहकाचीही नसेल, तर बँकेकडून सूचना आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर नुकसानीचा भार पडत नाही; चार ते सात दिवसांत कळवल्यास तो मर्यादित असतो. ओटीपी स्वतःच सांगून बसलेल्याला कळवण्याच्या क्षणापर्यंतचे नुकसान सोसावे लागते, पण त्यानंतर जाणारे बँकेच्या माथी. म्हणजे चूक आपली असली तरी घाईचे मोल कमी होत नाही. आपल्या नावाने परस्पर कर्ज निघाल्याचा संशय असेल, तर सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याचा आपला हक्क आहे. चौघांकडे तिमाहीला एक याप्रमाणे मागवला तर वर्षभर पहारा राहतो. दुसऱ्याची सही, परवलीचा शब्द किंवा ओळखीची खूण लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क खाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, हे फिर्याद घेण्यास कुरकुरणाऱ्या ठाणे अंमलदाराला नम्रपणे सांगता येते.

खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले, आणि त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ साली, संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले व त्यातल्या मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात यावयाच्या आहेत. कसूर करणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. त्यातला जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो तो दंडाचा नव्हे. माहिती ज्या हेतूसाठी घेतली त्याच हेतूपुरती वापरावी, आणि तो हेतू संपल्यावर ती पुसावी, असे हा कायदा म्हणतो. सोसायटीच्या फाटकावरच्या वहीत आपला फोन क्रमांक लिहून घेणाऱ्या रखवालदाराला कोणी हे विचारील तेव्हा विचारील. तोवर मी तेथे सदनिका क्रमांक आणि नाव लिहितो, फोनची चौकट रेघ मारून सोडतो, आणि आजवर कोणी आत जाण्यापासून अडवले नाही.

राहता राहिली जुन्या नकलांची विल्हेवाट. झेरॉक्सच्या त्या प्रसंगानंतर मी घरातले कपाट उपसले, तेव्हा गेल्या बारा-पंधरा वर्षांतल्या पासपोर्ट, विमा, गॅस, कर्ज, शाळा अशा नाना कामांच्या उरलेल्या प्रतींचा वीतभर उंचीचा गठ्ठा निघाला. पहिल्या दिवशी मी तो बादलीत भिजत घातला आणि निर्धास्त झालो. दुसऱ्या दिवशी पाहतो तो कागद फुगले होते, पण अक्षर न्‌ अक्षर जसेच्या तसे: झेरॉक्सची भुकटी कागदावर तापवून चिकटवलेली असते, दौतीच्या शाईसारखी ती पाण्याने पसरत नाही. मग ते ओले कागद हाताने कुस्करून, लगदा होईपर्यंत मळावे लागले. कामाला दोन संध्याकाळी लागल्या. शनिवारी रद्दीवाला आला, त्याने तराजू लावला आणि या खेपेस गठ्ठा एवढा हलका कसा म्हणून विचारले. मी त्याला वर्तमानपत्रे दिली. झेरॉक्सच्या दुकानातही हल्ली बाद प्रत निघाली की मी हात पुढे करतो. दुकानदार ती आता न मागताच देतो, आणि हिशेब करण्यासाठी त्याने एक कोरी चोपडी घेतली आहे.